धाकटा वाचला

दीर शुद्धीवर आल्याची बातमी थोरलीला कळली तेव्हा ती लाँड्रीत इस्त्रीच्या तापलेल्या रुळांतून बाहेर येणाऱ्या चादरी ओढून घेत होती. मॅनेजर दारातूनच ओरडला, "अगं, वाचला! तुझा दीर वाचला! डोळे उघडलेत त्याने!"

आजूबाजूच्या बायकांनी हातातलं काम टाकलं. कुणी तिला मिठी मारली, कुणी पाठीवरून हात फिरवला, एकीने तर रुळांचं बटणच बंद केलं. आता चादरी गेल्या चुलीत, आधी बाईला रडू दे, असा तिचा चेहरा होता. थोरली रडली नाही. हसली. हसायलाच हवं होतं. पण त्या हसण्याच्या आत पोटात जी आग उसळली, तिचं काय करावं हे तिला कळेना. तिच्या मनात आलेलं वाक्य एवढंच होतं: हा वाचला, मग माझा का नाही?

गेल्या हिवाळ्यात याच लाँड्रीत, याच फरशीवर, तिचा नवरा गेला होता. तो खालच्या बाजूला मोठ्या ड्रममधून ओले कपडे उपसून ढकलगाडीत भरायचा. एका सकाळी गाडी ढकलता ढकलता थांबला, भिंतीला टेकला आणि घसरत खाली बसला तो उठलाच नाही. बायका धावल्या. थोरली धावली. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी तळपाय चोळले, कुणी कांदा शोधायला पळालं. थोरलीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला हाका मारत राहिली. बॉयलर सांभाळणारा वाफ्या, तिच्या नवऱ्याचा जिगरी दोस्त, फोन कानाला लावून ओरडत होता. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा नवऱ्याचे ओठ निळे पडले होते. आलेल्या माणसांनी त्याला सरळ आडवा केला, त्याच्या छातीवर हात रोवले आणि जोरजोरात दाबायला लागले. थोरलीला तेव्हा वाटलं होतं, मेलेल्या माणसाला कशाला मारताय आता?

आणि परवा तिचा दीर पडला. तोही असाच, उभ्याउभ्या. दोघा भावांचं काळीज एकाच मुशीतून निघालेलं होतं, बापाचंही तसंच होतं म्हणे. फरक इतकाच की दीर पडला तो गावाच्या वरच्या, सुखवस्तू भागातल्या वाचनालयात. तिथे तो वायरमन होता. आपल्या वस्तीतला तिथे नोकरीला असलेला तो एकटाच. त्यांची माणसं डोंगरापलीकडून या गावात आली त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या, तरी रंगावरून आणि बोलण्यावरून अजून लगेच ओळखू यायची. लाँड्री, भांडी घासणं, रस्ते झाडणं, रात्रपाळ्या, ही कामं त्यांची. पण धाकटा भाऊ इथल्यांची भाषा इथल्यांसारखी बोलायचा, म्हणून वर पोचला होता. तिथे तो वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी कोसळला आणि पुस्तकं देणाऱ्या बाईंनी खुर्ची सरकवून सरळ त्याच्या छातीवर हात ठेवले. रखवालदाराने भिंतीवरून झटका देणारं मशीन काढून आणलं. ॲम्ब्युलन्स दारात येईपर्यंत त्याचं काळीज पुन्हा चालू झालं होतं.

"तिथे सगळ्यांना शिकवलेलंच असतं," धाकटी जाऊ फोनवर हुंदके देत म्हणाली होती. "दरवर्षी शिकवतात, ताई. केवढं नशीब!"

नशीब! थोरलीने फोन ठेवला.

दवाखान्यात ती संध्याकाळी पोचली. धाकटी बाहेरच, वॉर्डाच्या दाराशी उभी होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर एक उजेड होता. तो उजेड थोरलीच्या डोळ्यांत खुपला. तिने धाकटीला जवळ घेतलं खरं, पण जिवावर येऊन.

"ताई, आत जायच्या आधी एक सांगायचंय," धाकटी तिचा हात धरून कुजबुजली. "एक घोटाळा झालाय. मेंदूला थोडा वेळ रक्त मिळालं नाही ना. मागच्या वर्षभरातलं पुष्कळसं पुसलं गेलंय. त्यांना... त्यांना दादा गेल्याचं आठवतच नाही."

थोरलीने वॉर्डाच्या दाराकडे बघितलं.

"सारखे विचारतायत, दादा का नाही आला. डॉक्टर म्हणाले, इतक्यात धक्का नको. मी सांगितलंय, दादा कामावर आहेत. तुम्हीही तेवढंच म्हणा. थोडे दिवस. माझ्यासाठी."

काय मागावं माणसाने माणसाकडे! पण थोरलीने मान डोलावली.

आत दीर उशांना टेकून बसला होता. गाल आत गेलेले, आवाज खोल. तिला बघताच त्याचा चेहरा फुलला. "वहिनी! या, या. एकट्याच? आमचे बंधुराज कुठेत?"

"कामावर," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"काम, काम! भाऊ मरायला टेकला तरी याचं काम संपत नाही." तो हसला आणि हसताना छाती धरून कण्हला. दाबताना बरगड्या मोडल्या होत्या. "खोकला कमी झाला का त्याचा?"

थोरलीने त्याच्या पायावरची चादर सारखी केली. मग ती म्हणाली, "कुठला कमी होतोय! औषध घेतील तर ना. काल पुन्हा ते जुनंच जाकीट घालून गेले, बटणं तुटलेलं."

आणि बोलता बोलता तिच्या अंगावर शहारा आला. किती महिन्यांनी ती नवऱ्याबद्दल असं बोलली होती! रागावून, कुरकुर करत, तो संध्याकाळी घरी येणार आहे असं धरून. सगळ्या जगात हा एकच माणूस उरला होता ज्याच्या डोक्यात तिचा नवरा अजून जिवंत होता, खोकत होता, जाकीट घालत होता. आणि तिला दिराचा भयंकर हेवा वाटला. याला स्वतःचा जीव तर परत मिळालाच, वर भाऊही परत मिळाला. फुकटात, काही न करता. आपल्याला मात्र रोज सकाळी जाग आली की पहिल्याने तेच आठवतं. विसरायची सोय नाही.

तरी ती दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्याही. काम सुटलं की इतर बायका घराकडे वळायच्या आणि ही दवाखान्याची बस धरायची. लाँड्रीतल्या बायका म्हणायच्या, जावेवर किती जीव आहे बघा. खरं कारण कुणाला ठाऊक असणार? ती दिराच्या पलंगाशी बसून नवऱ्याच्या तक्रारी सांगायची. तो घोरतो, चहात साखर जास्त घालतो, छपराचा पत्रा ठोकतो म्हणून तीन आठवडे झाले. दीर हसायचा, मोठ्या भावाची बाजू घ्यायचा. "वहिनी, त्याला रागावू नका हो, साधा आहे तो." तेवढा तास थोरली विधवा नसायची. बसमधून परतताना मात्र असं वाटायचं की कुणी पांघरूण ओढून घेतलंय.

धाकटी हे सगळं दाराशी उभी राहून ऐकायची.

असं चाललं असतं अजून काही दिवस. पण एका दुपारी त्या वाचनालयातल्या बाई भेटायला आल्या. उंच, गोऱ्या, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात फुलं. धाकटी त्यांच्या गळ्यातच पडली. "तुम्ही माझं सगळं वाचवलंत," असं ती मोडक्यातोडक्या इथल्या भाषेत पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाई अवघडून गेल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, मी काय केलं? शिकवलं होतं तसं दाबत राहिले. माझे हात तर इतके थरथरत होते!" सगळे हसले. नर्ससुद्धा हसली. खोलीचं जणू लग्नघर झालं होतं.

थोरली कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. तिला कुणी परकं केलं नव्हतं, बाईंशी ओळखही करून दिली होती. पण तिचं लक्ष बाईंच्या हातांकडे होतं. पांढरे, नाजूक, बोटात अंगठी. असे हात. या हातांना जमलं! आणि तिचे स्वतःचे हात मांडीवर पडले होते, ओल्या चादरी पिळून दणकट झालेले, ज्यांनी त्या दिवशी नवऱ्याचे केस कुरवाळण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

तेवढ्यात दीर तिच्याकडे वळला. "वहिनी, दादाला सांगा, उद्या रजा टाक आणि ये म्हणावं. या बाईंना भेटलंच पाहिजे त्याने. त्याचा भाऊ परत दिलाय यांनी."

"ते नाही येणार," थोरली म्हणाली.

"का?"

"ते गेले."

"कुठे गेले?"

धाकटीने मान वर केली. "ताई," ती हळूच म्हणाली. पण थोरलीला आता थांबता येत नव्हतं. खरं सांगायचं तर थांबायचंच नव्हतं.

"मेले," ती म्हणाली. "हिवाळ्यात. लाँड्रीत. तुम्ही पडलात तसेच पडले. तुम्हीच तर पुढे होऊन खांदा दिलात त्यांना, भावजी. तुम्ही वाचलात, ते नाही वाचले."

दीर काही क्षण तिच्याकडे बघत राहिला, थट्टा चाललीय की काय अशा नजरेने. मग बायकोकडे बघितलं. बायकोच्या चेहऱ्यावर उत्तर होतंच. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटेना. यंत्राने शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली, नर्स धावली, वाचनालयातल्या बाई फुलं तशीच हातात धरून भिंतीला चिकटल्या.

थोरली बाहेर आली. मागोमाग धाकटी आली आणि तिने थोरलीचा दंड गच्च धरला.

"काय मिळालं तुम्हाला?" तिने विचारलं. "सांगा ना. काय मिळालं?"

थोरलीकडे उत्तर होतं, पण ते उच्चारण्यासारखं नव्हतं. सोबत मिळाली, हे ते उत्तर. आता रडणारी मी एकटी नाही. ती दंड सोडवून निघून गेली.

त्यानंतर दोघींचा अबोला सुरू झाला. एकाच गल्लीत समोरासमोर घरं, पण दारं वेगवेगळ्या वेळी उघडायची. दीर घरी आला, काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लागला. थोरली खिडकीतून बघायची. धाकटी त्याच्या मफलरची गाठ नीट करायची, तो चिडायचा, ती हसायची. नवरा-बायकोच्या त्या क्षुल्लक कुरबुरीनेही थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खिडकी लावून घ्यायची. थोड्या वेळाने पुन्हा उघडायची.

मग एके दिवशी लाँड्रीत मॅनेजरने सांगितलं की येत्या सुट्टीच्या दिवशी वाळवणीच्या मोठ्या हॉलमध्ये एक वर्ग आहे. माणसाचं काळीज बंद पडलं तर काय करायचं ते शिकवणार. वस्तीतल्या कुणीही यावं. "हिच्या जावेनेच जमवून आणलंय सगळं," तो थोरलीकडे हात करून म्हणाला. "त्या वाचनालयातल्या बाईंना धरून वरच्या आरोग्य कचेरीत खेटे घातले म्हणे. चिकट आहे पोरगी!"

दिवसभर तेच चाललं. तुझी जाऊ गुणाची. तुझ्या जावेने नाव काढलं. थोरली चादरी अशा ओढत होती की एकीला चीरच गेली. नवरा तिचा वाचला, आता वस्तीचं कौतुकही तिलाच! आणि आपल्या वाट्याला काय, तर हळहळ. तीही आता जुनी झालेली.

जायचं नाही असं ठरवूनही ती गेली. गेली नसती तर चार तोंडं चार गोष्टी बोलली असती.

हॉल गच्च भरला होता. शिकवायला आलेल्या बाई त्या वरच्या कचेरीतल्या, केस घट्ट बांधलेल्या, आवाज खणखणीत. त्या इथल्या भाषेत बोलत होत्या आणि शेजारी उभा राहून दीर आपल्या भाषेत सांगत होता. मधेच त्याला एखादा शब्द सापडायचा नाही. तो कपाळ चोळायचा, तोंड लाल व्हायचं, मग धाकटी खालून शब्द पुरवायची. थोरलीने हे पहिल्यांदाच बघितलं. इतक्या जवळून.

जमिनीवर कमरेपर्यंतचा एक बाहुला आडवा ठेवला होता, गोरापान, सरळ नाकाचा.

"हा तर मॅनेजरचा सख्खा भाऊ दिसतोय," वाफ्या म्हणाला. "हा पडला तर मी दाबतो, पण आधी पगारवाढ बोला म्हणावं."

हॉल हसण्याने दणाणला. बाईंना अर्थ सांगितल्यावर त्याही हसल्या, पण कान लाल झाले. "दुसऱ्या रंगाचे मागवलेत," त्या म्हणाल्या. "अजून आले नाहीत."

मग एकेकाने पुढे व्हायचं होतं. तळहात छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, आणि सगळं वजन टाकून खाली. थोरलीची पाळी आली. ती गुडघ्यांवर बसली, हात ठेवले आणि दाबलं. बाहुल्याच्या आत टक् असा आवाज झाला. पुन्हा दाबलं, टक्. ती दाबत राहिली. टक्, टक्, टक्. तिच्या हातांना हे परकं वाटेना, वर्षानुवर्षं ओल्या चादरींचे गठ्ठे याच जोराने दाबून टोपल्यांत बसवलेले होते.

"वा! अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "इतकं चांगलं आज कुणाचंच झालं नाही. असंच मदत येईपर्यंत."

थोरलीने हात उचलले. "एवढंच?" तिने विचारलं.

दिराने भाषांतर केलं नाही. त्याला तो प्रश्न कळला होता.

"एवढंच, वहिनी," तोच हळू आवाजात म्हणाला.

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. तिच्या मनाने इतके महिने असं धरलं होतं की वरच्या लोकांकडे काहीतरी मोठं शास्त्र असणार, पुस्तकातलं, यंत्रातलं, आपल्या आवाक्याबाहेरचं. आणि होतं ते हे. गठ्ठे दाबायचं काम.

ती उठून मागे जाऊन उभी राहिली. पुढे बाई सांगत होत्या की यातलं काहीच आठवलं नाही तरी घाबरू नका. फोन लावा, फोन चालूच ठेवा, पलीकडचा माणूस तुम्हाला सांगत राहील, छाती दाबा, दाबत राहा. दिराने ते आपल्या भाषेत सांगितलं.

"काय म्हणाल्या?" वाफ्याने विचारलं. त्याचा थट्टेखोर आवाज कुठच्या कुठे गेला होता. "त्यांच्या भाषेत काय म्हणतात 'दाबा'ला? पुन्हा म्हणायला सांग."

बाईंनी तो शब्द पुन्हा म्हटला. वाफ्या मटकन खाली बसला.

"ती हेच म्हणत होती," तो म्हणाला. "त्या दिवशी. फोनवरची बाई. सारखी हेच. दाबा, दाबा. तो एकच शब्द मला कळत होता. मला वाटलं, फोनवरचं बटण दाबायला सांगतेय." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी बटणं दाबत होतो. सगळी बटणं दाबली मी."

 सगळ्यांच्या नजरा थोरलीवर येऊन थांबल्या. ती आता काय करते? त्याच्या अंगावर धावून जाते, की भोवळ येऊन पडते? तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. ती गर्दीतून पुढे आली, वाफ्याच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि थेट बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"यांना विचारा, भावजी," ती म्हणाली, "यांना हे ठाऊक होतं का? की आमच्याकडे पडलेला माणूस उठत नाही?"

दिराने विचारलं. बाईंनी खाली बघितलं. मग प्रामाणिकपणे म्हणाल्या, "हो. ठाऊक आहे. वरच्या भागात जितके वाचतात त्या मानाने इथे फार कमी. आम्ही दरवर्षी मोजतो."

"मोजता?"

"मोजतो."

"आणि मोजून काय करता?" थोरलीचा आवाज चढला. "इतकी वर्षं मोजताय, तर एकदा इकडे यायला काय झालं होतं? आम्ही काय लपून बसलोय? तुमच्या चादरी कोण धुतं, हे तरी मोजलंय का कुणी?"

दिराने शब्दन् शब्द सांगितला. या वेळी त्याला एकही शब्द शोधावा लागला नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे गेलो. तुम्ही बोलवाल याची वाट बघत बसलो. चुकलंच आमचं."

"मग आता असं करा," थोरली म्हणाली. "पुढच्या वर्गाला सांगायचं काम माझं. तुम्ही शेजारी उभ्या राहा, चुकलं तर सांगा. पण बोलणार मी. आमच्या भाषेत, आमच्या बायकांना. भावजींना दगदग नको."

शेवटचं वाक्य काळजीचं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. खरं हे होतं की तिने ते काम धाकटीच्या हातून उघडउघड हिसकावून घेतलं होतं, सगळ्यांसमोर, आणि तिला त्याची शरम वाटली नाही. सगळं काय तिलाच? एक गोष्ट माझी असू दे.

वर्ग संपल्यावर मागच्या नळावर ती चहाचे कप विसळत होती, तेव्हा धाकटी येऊन शेजारी उभी राहिली.

"घ्या तुम्ही वर्ग," धाकटी म्हणाली. "मला काही नाही. तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

"उपकार करतेस?"

"नाही हो." धाकटीने एक कप उचलून पुसायला घेतला. "तुम्ही माझ्यावर जळता ना, ताई? मला दवाखान्यात पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही मला जवळ घेतलंत तेव्हा लाकडासारखं अंग होतं तुमचं."

थोरलीने नळ बंद केला. "हो, जळते," ती म्हणाली. "तुला दारात बघितलं तरी जळते. एकदा तर वाटलं होतं की..." पुढचं तिने बोलायचं टाळलं. मग बोललीच. "की भावजी गेले असते तर बरं झालं असतं, म्हणजे तुलाही कळलं असतं."

धाकटी हे ऐकून मागे सरेल असं तिला वाटलं होतं. ती सरली नाही. कप पुसून तिने पालथा घातला.

"त्यांना अजून विसर पडतो," ती म्हणाली. "रोज नाही, पण पडतो. सकाळी उठतात आणि विचारतात, दादाकडे जाऊन येऊ का जरा. मग मला सांगावं लागतं. आणि ते पुन्हा पहिल्यापासून रडतात, अगदी आत्ताच कळल्यासारखे. तुम्ही एकदाच सांगितलंत, ताई. तेही मला इतकं लागलं. मी कितीदा सांगितलंय, मला आठवत नाही."

इतके दिवस थोरली समोरच्या खिडकीतून बघत होती, आणि हे तिला दिसलं नव्हतं. तिचा हेवा त्या क्षणी विरघळला वगैरे काही झालं नाही. समोरच्या घरात घोरणारा माणूस होता आणि तिच्या घरात नव्हता. ते तसंच राहणार होतं. पण पोटातली ती आग आता एकाच दिशेने जळेना, एवढं खरं.

"पुढच्या वेळी विचारलं तर इकडे पाठव," ती म्हणाली. "मी सांगेन."

"तुम्ही?"

"माझा नवरा आहे. मीच सांगायला हवं."

आणि तसंच होत गेलं. एखाद्या सकाळी दीर काठी टेकत दारात उभा राहायचा आणि चेहऱ्यावरूनच तिला कळायचं. ती त्याला आत बसवायची, चहा द्यायची आणि सांगायची. कधी लगेच, कधी थोडा वेळ नवऱ्याच्या तक्रारी करून मग. त्या थोड्या वेळाचा मोह तिला शेवटपर्यंत सुटला नाही. धाकटीला ते माहीत होतं, पण ती त्याबद्दल कधी बोलली नाही.

वर्ग वाढत गेले. हॉटेलांचे भटारखाने, रस्ते झाडणाऱ्यांची विश्रांतीची खोली, शाळेतल्या आयांची बैठक. थोरली सगळीकडे गेली. लाँड्रीच्या भिंतीवर मशीन लागलं, ते मॅनेजरच्या मागे भुंग्यासारखी लागून तिनेच लावून घेतलं. वाफ्या फोनवर काय काय बोललं जातं ते त्यांच्या भाषेतले शब्द घेऊन शिकवायचा, आणि शिकवताना कधी थट्टा करायचा नाही. दीर बाहुल्याची पेटी घेऊन सोबत यायचा. बाहुला आता सावळा होता.

एकदा एका भटारखान्यात भांडी घासणारी एक नवीन मुलगी होती, नुकतंच लग्न झालेली, बडबडी. तिने दाराशी पेटी उघडणाऱ्या दिराकडे बोट दाखवून विचारलं, "मावशी, वाचनालयात पडून वाचले ते हेच ना? तुमचे यजमान? किती नशीबवान आहात हो तुम्ही!"

भोवतालच्या बायका चपापल्या. एकीने तिला कोपराने ढोसलं. दिराने मान खाली घातली.

"नाही," थोरली म्हणाली. "हा माझा दीर. माझे यजमान आधीच गेले. तेव्हा आम्हाला कुणाला येत नव्हतं." मग तिने पदराला हात पुसले आणि त्या मुलीचं मनगट धरून तिला खाली बसवलं. "ये, तू पहिली. हात इथे ठेव. अजून थोडा मधे. आता घाबरू नकोस, बरगडी मोडली तर मोडू दे, आणि दाब."